महाविनाशानंतर समुद्रतळ सावरायला किती काळ लागतो? आणि आपल्या काळ्या दगडाचा त्यात किती हात?

प्रश्न शिरपूरच्या एका वाचकाचा आहे. डायनासोर गेले त्या महाविनाशात समुद्राच्या तळावरच्या जीवांचं काय झालं, त्यांना सावरायला किती वर्षं लागली, खान्देशातल्या लाव्हाचा (थिजून आपला काळा दगड झाला तोच) त्याच्याशी काही संबंध आहे का, आणि जवळपास याचा पुरावा कुठे बघता येईल, असं त्यांनी विचारलंय.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी धुळे-जळगावकडे भूजलाचं काम करतो. विहीर कुठे खणायची, बोअर कुठे घ्यायचं, ते सांगायचं. रोजची गाठ काळ्या पाषाणाशी आणि मांजऱ्याशी (पोकळ्या असलेल्या लाव्हाच्या दगडाशी), समुद्राशी नाही. पण एम.एस्सी.ला जीवाश्मांचा विषय होता, त्याची गोडी तेव्हा लागली ती अजून सुटलेली नाही.

‘किती वर्षं’ याला एकच आकडा कुणी सांगितला तर त्यावर विसंबू नका. इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. तळावर कुणीतरी पुन्हा हलायला-चालायला लागणं ही पहिली. खाणारे, खाल्ले जाणारे, गाळ उपसणारे अशी सगळी घडी बसणं ही दुसरी. आणि प्रजातींची संख्या पूर्वीइतकी भरणं ही तिसरी. पहिली गोष्ट काही वर्षांत होऊ शकते. दुसरीला हजारो ते लाखो वर्षं लागतात. तिसरीला कोटभर वर्षंही लागू शकतात.

पहिलीचा सगळ्यात चांगला पुरावा मिळाला तो या महाविनाशाचं कारण मानला जाणारा अशनी, म्हणजे अवकाशातून आलेला प्रचंड दगड, आदळला त्याच जागी. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर चिक्शुलुबला तो पडला. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या विवराच्या आतल्या कड्यात समुद्रातून बोअर घेतलं आणि सलग कोअर, म्हणजे खडकाचा अखंड दंडगोल, वर काढला. आयुष्य बोअरच्या मशीनजवळ गेलेल्या माणसाला तो कोअर बघून हेवाच वाटतो. आमच्याकडे हातात येते ती नुसती भुकटी. त्या कोअरमध्ये खाली वितळलेल्या आणि फुटलेल्या खडकाचा ढिगारा आहे, त्यातला शंभरेक मीटरहून जास्त भाग एका दिवसात साचलेला. त्यावर साधारण पाऊण मीटर जाडीचा तपकिरी चुनखडीचा थर, म्हणजे धडकेनं ढवळलेल्या पाण्यातला अगदी बारीक गाळ जो सावकाश खाली बसला. आणि या थराच्या वरच्या भागात बिळं आहेत! गाळ मऊ असतानाच कुणीतरी त्यातून वाट काढत गेलंय. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाचं म्हणणं असं, की हे प्राणी धडकेनंतर काही वर्षांतच तिथे पोचले होते. ३० हजार वर्षांत त्या विवरात वरच्या पाण्यात आणि तळावर बऱ्यापैकी भरलेली जीवसृष्टी होती.

गंमत पुढे आहे. मेक्सिकोच्या आखातात आणि उत्तर अटलांटिकमध्ये काही ठिकाणी तेवढंच व्हायला ३ लाख वर्षं किंवा त्याहून जास्त लागली. म्हणजे जिथे घाव पडला तिथेच सगळ्यात उशीर, असा नियम दिसत नाही. स्थानिक पाणी, अन्नाचा पुरवठा, कोण वाचलं आणि कोण आधी येऊन पोचलं, यावर ते ठरलं.

बिळांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाघ नावाचं गाव आहे. तिथल्या गाठाळ चुनखडीत आडवी-तिडवी, फाटे फुटलेली बिळं दिसतात. झिंग्या-खेकड्यांच्या जातीच्या प्राण्यांनी केलेली, बोटाएवढी जाड, आत भरलेला गाळ आजूबाजूच्या दगडापेक्षा वेगळ्या रंगाचा. बिळाला जिथे फाटा फुटतो तिथे ते किंचित फुगलेलं असतं, प्राण्याला वळायला जागा हवी म्हणून. आमच्या गाडीचा ड्रायव्हर साक्रीकडचा, त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, “भाऊ, हाई ते गांडूळनं बीळ शे!” प्राणी वेगळा, पण काम त्यानं बरोबर ओळखलं. आपल्या काळ्या जमिनीत गांडुळं जे करतात तेच समुद्रतळावर हे बिळकरी करतात. गाळ खालीवर होतो, ऑक्सिजन असलेलं पाणी आत शिरतं, गाडलं गेलेलं अन्न वर येतं, आणि मग इतरांना तिथे राहता येतं. बिळं थांबली की गाळ वहीच्या पानांसारखा पातळ थराथरांचा राहतो. बाघचा समुद्र महाविनाशाच्या बराच आधीचा, साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीचा. पण धडधाकट तळ दगडात कसा दिसतो हे डोळ्यांत बसवायला तो उत्तम आहे.

चिक्शुलुबमध्ये पहिली बिळं लवकर आली, पण उथळ थरात कोण, खोल थरात कोण, अशी मजल्यामजल्यांची वस्ती पूर्ण बसायला सुमारे ७ लाख वर्षं लागली. भूशास्त्राच्या हिशेबानं हेही झटपटच.

आता खोल समुद्र. तिथे उजेड नाही, सगळं जगणं वरून पडणाऱ्या मेलेल्या प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर). धडकेनंतर आकाश धुरानं-धुळीनं झाकलं, प्रकाशसंश्लेषण बसलं, आणि कॅल्शियमचं कवच असलेल्या तरंगत्या जीवांच्या साधारण ९० टक्के प्रजाती संपल्या. मग तळावरचे उपाशी मेले असतील असं वाटतं ना? तसं झालं नाही. तळावर राहणारे फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवच असलेले एकपेशीय जीव, बहुतेक वाचले. म्हणजे कमी का होईना, वेगळ्या प्रकारचं का होईना, अन्न खाली येत होतं. उलट एक कोटी वर्षांनी, ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीचं तापमान ५-६ अंशांनी चढलं तेव्हा वर कुठलाही मोठा संहार नसताना खोल समुद्रातल्या याच फोरॅमिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के प्रजाती गेल्या. गरम झालेलं, आम्ल झालेलं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी थेट त्यांच्या घरात शिरलं होतं. डायनासोरांना मारणाऱ्या घटनेतून वाचलेले जीव अशा ‘किरकोळ’ घटनेत गेले, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. ‘महाविनाश केवढा मोठा’ एवढं विचारून भागत नाही, तो कुठल्या वाटेनं आला हे बघावं लागतं.

तिसऱ्या गोष्टीचा आकडाही याच काळातला आहे. पॅसिफिकच्या तळातल्या कोअरमधून कवचधारी सूक्ष्म शैवालांचा सलग इतिहास काढलाय, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिली १८ लाख वर्षं नुसती धरसोड दिसते: आज ही प्रजाती माजली, उद्या ती. मग घडी स्थिरावते. पण प्रजातींची संख्या पूर्वपदावर यायला सुमारे एक कोटी वर्षं गेली. काम चालू झालं, पण माणसं भरायला फार वेळ लागला, असं काहीसं.

याहून वाईट प्रकरण म्हणजे पर्मियन नावाच्या कालखंडाच्या अखेरचं, २५ कोटी १९ लाख वर्षांपूर्वीचं. तेव्हा सायबेरियात आपल्यासारखाच लाव्हा ओतला गेला आणि समुद्रातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रजाती गेल्या. तिथे एकच फटका बसून संपलं नाही. पुढची पन्नासेक लाख वर्षं उष्णता आणि ऑक्सिजनची टंचाई पुन:पुन्हा येत राहिली. विषुववृत्ताजवळ समुद्राचा पृष्ठभाग ३५ अंशांच्या वर गेला होता. तळावर सूक्ष्मजीवांचे चिकट थर पसरले, बिळं लहान आणि उथळ झाली, शंख-शिंपले आकारानं बारीक. क्लाराइया नावाचा पातळ, चपटा शिंपला मात्र जिकडे तिकडे. तो स्पितीत सापडतो, काश्मीरमध्ये खुनमोहजवळच्या गुरियुलच्या घळीतही सापडतो. जुने प्रवाळ कायमचे गेले. आजच्या प्रवाळांचे पूर्वज दगडात दिसतात ते थेट पर्मियननंतरच्या ट्रायासिक कालखंडाच्या मध्यात. तरी सगळीकडे अंधार होता असं नाही. चीनमधल्या गुईयांगला १० लाख वर्षांच्या आसपासच मासे, झिंगे, शिंपले असलेली चांगली गुंतागुंतीची वस्ती सापडली, हे २०२३ मध्ये कळलं. आणि अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखात राहणारे, माकूळांचे नातेवाईक) २० लाख वर्षांच्या आत पुन्हा फोफावले होते.

आपल्या उपखंडाचीही एक नोंद यात आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ डेव्हिड जाब्लोन्स्की यांनी डायनासोरांनंतरच्या शंख-शिंपल्यांचं सावरणं चार प्रदेशांत ताडून पाहिलं: अमेरिकेचा आखाती किनारा, उत्तर युरोप, उत्तर आफ्रिका, आणि पाकिस्तान-उत्तर भारत. अमेरिकेच्या किनाऱ्यावर काही संधिसाधू प्रकार एकदम माजले आणि नंतर ओसरले. बाकी तिघांत तसं दिसलं नाही. तोवर अमेरिकेचं चित्र हेच जगाचं चित्र समजलं जात होतं.

आता आपला काळा दगड. दख्खनचा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, आणि त्यातला बराचसा १० लाख वर्षांच्या आत ओतला गेला. धुळ्याहून साक्री-नंदुरबारकडे जाताना शेतांतून पूर्व-पश्चिम धावणारे काळ्या दगडाचे उभे बांध दिसतात ते डाइक, म्हणजे लाव्हा ज्या भेगांतून वर चढला त्या भेगाच. (आमच्या धंद्यात ते फार महत्त्वाचे. डाइक पाणी अडवतो, त्यामुळे एका अंगाची विहीर भरलेली आणि दुसऱ्या अंगाची कोरडी हा प्रकार नेहमीचा.)

या लाव्हानं समुद्र मारला का? २०१९ मध्ये एकाच वेळी दोन गटांनी लाव्हाची वयं काढली. एका गटाच्या मते मोठा उद्रेक धडकेच्या थोडा आधी झाला, दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा धडकेनंतर आला. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका गुहेतल्या फोरॅमिनिफेराच्या कवचांवरून समुद्राचा सामू (पीएच; तो उतरला की पाणी आम्लाकडे झुकतं) मोजला गेला. तो धडकेनंतर झपकन पाव एककाएवढा उतरला, आधी तसा उतरलेला नव्हता. त्यामुळे मुख्य गुन्हेगार अशनीच, असं मी मानतो. लाव्हानं सावरणं लांबवलं असेल का, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. आपलाच लाव्हा पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत वाहत गेला आणि तिथे समुद्रात पोचला. भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन लाव्हांच्या मधल्या समुद्री गाळात महाविनाशानंतरचे बारकेसे तरंगते फोरॅमिनिफेरा दाखवले. लाव्हा थांबेपर्यंत त्या जीवांना धड सावरता आलं नाही असं त्यांचं मत आहे. ते सगळ्यांना मान्य नाही, पण वाद घालण्याजोगं नक्की आहे.

शेवटचं, बघायचं कुठे. खान्देशात दगडात समुद्री जीव शोधू नका, मिळणार नाहीत. लोक मला सावद्याकडच्या खाणीतले झिओलाइटचे पांढरे-हिरवे स्फटिक ‘प्रवाळ’ म्हणून आणून दाखवतात. सुंदर असतात, पण ते लाव्हाच्या पोकळ्यांत नंतर वाढलेले खनिज.

शिरपूरहून बिजासन घाट चढून सेंधवा, बडवानी, कुक्षी करत बाघला जाता येतं. पहाटे निघा. जीवाश्म उचलू नका, तो भाग संरक्षित आहे, फोटोवर भागवा. आणि सावरलेला समुद्र बघायचा असेल तर तापीच्या काठानं खाली, सुरत जिल्ह्यात तडकेश्वरच्या परिसरात जा. तिथे आपल्याच लाव्हाच्या वर महाविनाशानंतरच्या इओसीन काळातली चुनखडी बसलेली आहे, आणि ती न्युम्युलाइट नावाच्या जीवाश्मांनी खचाखच भरलेली. हेही फोरॅमिनिफेराच, एकाच पेशीचे, तळावर राहणारे, पण नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे मोठे, चपटे आणि गोल. एखादा मधोमध फुटलेला मिळाला तर भिंगातून आतल्या खोल्या वळत वळत बाहेर गेलेल्या दिसतात. लिग्नाइटच्या खाणी चालू असतात, तेव्हा आत जायला परवानगी लागेल. दिवाळीनंतर जा, पावसाळ्यात तिथे नुसता चिखल असतो.