आईची दुभाषी होऊ नकोस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

काल रुग्णालयाबाहेर तू मला तो कागद दाखवलास. ऑस्ट्रेलियात मानसिक ताण मोजण्यासाठी सर्रास वापरली जाणारी ‘के-१०’ प्रश्नावली गेल्या ४ आठवड्यांविषयी १० प्रश्न विचारते; विनाकारण थकल्यासारखे किती वेळा वाटले, हा त्यांतला पहिला. तू ‘कधीच नाही’वर खूण केलीस आणि म्हणालीस, “मावशी, विनाकारण कुठे? आई आहे ना.” मेलबर्नमधल्या ग्रीक, इटालियन, व्हिएतनामी घरांतल्या मुलींनाही मी अशीच खूण करताना पाहिले आहे. कारण ठाऊक असले म्हणून थकवा कमी होत नाही. कागद पुन्हा भर.

त्याहून मोठा आग्रह एकच आहे: आईची दुभाषी होऊ नकोस. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी विरते. आईचे इंग्रजी गेले आणि डॉक्टरांचे प्रत्येक वाक्य तुझ्या तोंडून तिच्यापर्यंत जाऊ लागले. तिथेच तू खचते आहेस, हे मला दिसते, कारण मी त्यातून गेले आहे. अण्णांच्या कर्करोगावर आता उपचार उरले नाहीत, असे डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांना मराठीत सांगितले, “औषध बदलणार आहेत.” अण्णांनी चष्मा पुसून खिशात ठेवला. पुढचे ११ आठवडे ते मला परसात पेरायला मेथीचे बी आणायला सांगत राहिले, मी आणून देत राहिले, आणि खरे वाक्य घरात माझ्या एकटीजवळ होते. मी मायेपोटी खोटे बोलले, आणि मुलगी म्हणून माझे चुकले असे मी आजही मानत नाही. पण दुभाष्याला तशी माया करता येत नाही, म्हणून मुलीने दुभाषी होऊ नये.

‘माझ्याइतके आईला कोण समजणार’ हे मला पुन्हा ऐकवू नकोस. सरकारी रुग्णालयात दुभाषी विनामूल्य मिळतो, आणि १३१ ४५० या सरकारी क्रमांकावर दूरध्वनीवरून दुभाष्याची सोय दिवसरात्र आहे. तो बोलत असताना तू आईचा हात धरून बस, रडू आले तर रड, आणि तिला काय कळले याची जबाबदारी त्या एका तासापुरती तरी खाली ठेव.

मंगळवारच्या भेटीसाठी आजच कळव आणि ‘मराठी’ असे स्पष्ट सांग. नुसते ‘इंडियन’ म्हटलेस, तर हिंदीचा दुभाषी येईल आणि आई पुन्हा तुझ्याच तोंडाकडे पाहत बसेल.

तुझी,
मावशी