गव्हाच्या बुरश्यांवर पीएचडीला बाहेर यायचंय? आधी बुरशी ठरव, मग देश

तू विचारलंयस की एमएस्सी प्लांट पॅथॉलॉजी झालीय, गव्हावरच्या रोगकारक बुरश्यांमधली जनुकीय विविधता हा विषय घेऊन बाहेर यायचंय, तर युरोप बरा, अमेरिका की ऑस्ट्रेलिया. मी याच विषयासाठी बाहेर आले आणि इथेच राहिले, म्हणून सरळ सांगते, देश नंतर बघ, आधी बुरशी ठरव. ती पुनरुत्पादन कसं करते यावर तुझी पुढची तीन-चार वर्षं ग्लासहाउसमध्ये जाणार की कॉम्प्युटरसमोर हे बरंचसं ठरतं.

पिवळा तांबेरा घे. युरोपात तो कित्येक वर्षं क्लोनलच होता, एकाच रेसच्या (रेस म्हणजे गव्हाच्या कोणत्या वाणांवर रोग पाडते यावरून ठरणारा बुरशीचा प्रकार) झेरॉक्स कॉप्या आणि मधेच एखादं म्युटेशन. मग 2011 मध्ये वॉरियर नावाची रेस दिसली (नाव गव्हाच्या वाणावरून पडलं) आणि थोड्याच वर्षांत जुन्या रेसेस जवळपास गायब. जनुकीय तपासणीत तिचं मूळ हिमालयाच्या आसपासच्या पट्ट्यात निघालं, जिथे या बुरशीची विविधता जगात सगळ्यात जास्त आहे आणि लैंगिक पुनरुत्पादनाच्या खुणाही दिसतात. त्यासाठी तिला बार्बेरी म्हणजे दारुहळदीच्या कुळातली झुडपं चालतात हे तर 2010 मध्ये कळलं! म्हणजे विविधता तिकडे आणि डीएनए वाचणारी यंत्रं, सिक्वेन्सर, इकडे. म्हणून मी डेन्मार्कचं नाव घेईन, आर्हुस विद्यापीठाच्या ग्लोबल रस्ट रेफरन्स सेंटरमध्ये देशोदेशीचे नमुने येतात. पण तांबेरा प्लेटवर सहज वाढत नाही, त्याला जिवंत गहू लागतो, त्यामुळे रोपं पेरा, एका फोडातले बीजाणू वेगळे करा, वाढवा, दोन-अडीच आठवड्यांनी रोग किती पडला त्याचा स्कोअर लिहा, हे चक्र चालूच राहतं. मला ते आवडतं, पण सगळ्यांना आवडेल असं नाही.

काळ्या तांबेऱ्याचं म्हणशील तर त्याच्या यूजी99 या वंशाबद्दल तू वाचलं असशीलच, 1998 मध्ये युगांडात सापडला आणि गव्हातल्या ज्या एसआर31 या रोगप्रतिकारक जनुकावर एवढे वाण उभे होते तेच निकामी केलं. पण मला स्वतःला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट 2019 मधली आहे. तांबेऱ्याच्या पेशीत दोन वेगवेगळी केंद्रकं असतात, आणि यूजी99 मधलं एक केंद्रक आफ्रिका-ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या वंशाच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. म्हणजे लैंगिक संकर न होता दोन वंशांनी केंद्रकं अदलाबदल केली. अशा कामात दोन्ही केंद्रकांचे जीनोम (संपूर्ण डीएनए) तुकड्यांतून वेगवेगळे जुळवता यायला हवेत, तेवढं इथे येण्याआधी शिकायला घेतलंस तर फार उपयोग होईल. ऑस्ट्रेलिया आणि मिनेसोटा दोन्हीकडे हे काम चालतं, पण अमेरिकेतल्या मिनेसोटात परदेशी आयसोलेट्स (बुरशीचे वेगळे करून वाढवलेले नमुने) बंदिस्त लॅबमध्ये आणि तेही मुख्यतः कडक थंडीत हाताळतात, कारण तेव्हा बाहेर गहू नसतो आणि चुकून निसटलेला बीजाणू टिकत नाही. वेळापत्रक त्याभोवतीच आखावं लागतं.

आकडेमोड आवडत असेल तर झायमोसेप्टोरिया, गव्हाच्या पानांवर डाग पाडणारी बुरशी. ती प्लेटवर यीस्टसारखी वाढते, डीएनए काढणं सोपं, दर हंगामात लैंगिक पुनरुत्पादन, त्यामुळे एकाच शेतात ढीगभर जीनोटाइप, म्हणजे वेगवेगळे जनुकीय प्रकार, मिळतात. तुलनेसाठी वापरतात त्या संदर्भ स्ट्रेनमध्ये 21 क्रोमोसोम, त्यातले 8 नसले तरी बुरशी जगते. स्वित्झर्लंड (झुरिच, नूशातेल) आणि जर्मनीत कील इथे हे काम जोरात आहे. शिवाय बुरशीनाशकांना ती दाद का देत नाही हा प्रश्न युरोपात कायम पेटलेला असतो, त्यामुळे पुढे नोकरीलाही बरं.

गव्हाच्या ओंब्या वाळवणाऱ्या ब्लास्ट या बुरशीजन्य रोगात उलट चित्र. 1985 मध्ये ब्राझील, 2016 मध्ये बांगलादेश, 2018 मध्ये झांबिया, आणि शेवटच्या दोन्हीकडे पोचलेला वंश एकच, क्लोनल. जिवंत नमुन्यांची परवानगी कठीण, पण बराच डेटा खुला आहे, तो आत्तापासूनच उघडून बघ.

आणि हो, नमुने बॅगेत घालून आणायचा विचारसुद्धा करू नकोस. वाळलेलं पान असलं तरी नाही. भारतातून निघत असशील तर 2002 चा जैवविविधता कायदा लागतो, शिवाय जिथे जाशील तिथलं क्वारंटाइन वेगळं. शेतातले बूट-कपडे पण धुऊनच भर, 1979 मध्ये पिवळा तांबेरा ऑस्ट्रेलियात पोचला तो कुणा प्रवाशाच्या कपड्यांवरून असावा असंच मानतात.

गाइडला मेल करशील तेव्हा स्कॉलरशिपच्या आधी हे विचार: लॅबमध्ये आयसोलेट्सचा संग्रह आधीपासून आहे का, तो मला वापरता येईल का, आणि नवे नमुने लागले तर परवाने कोण काढणार. परवान्यांचं तुझं तूच बघ असं उत्तर आलं तर सरळ दुसरी लॅब शोध, कारण त्यात पहिलं वर्ष आरामात जातं.