जिथे मृत्यूची नोंदच होत नाही, तिथे महासाथ मोजायची कशी?

वाचकांचे प्रश्न, साथरोगतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : कोविडच्या काळात आफ्रिकेतल्या गरीब देशांत फारच कमी माणसं दगावली, असं तेव्हा सगळीकडे छापून येत होतं. आमच्या वाचनगटात यावरून जोरदार वाद झाला. काही म्हणाले, तिथली माणसं मुळातच काटक. काही म्हणाले, कुणी मोजलंच नाही. खरं काय?

उत्तर : काटकपणाचं स्पष्टीकरण मला मुळीच पटत नाही. वयाचं मात्र पटतं. नायजर, युगांडा, मालावी या देशांत निम्म्याहून अधिक लोकसंख्या अठराच्या आतली आहे आणि हा आजार प्रामुख्याने म्हाताऱ्या माणसांचा जीव घेतो. तेव्हा एकूण मृत्यू काही प्रमाणात कमी असणार, हे उघड आहे. पण एकदा माणूस गंभीर आजारी पडला की काय होत होतं ते बघा. आफ्रिकेतल्या दहा देशांमधल्या 64 रुग्णालयांचा अभ्यास 2021 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी 48.2 टक्के तीस दिवसांच्या आत गेले. जगाची सरासरी होती 31.5 टक्के. काटक माणसं असती तर हा आकडा उलटा दिसला असता. कमतरता होती ती ऑक्सिजनची, डायलिसिसची, माणसांची.

आता मोजण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पाहणीप्रमाणे तिच्या आफ्रिका विभागात दहातला जेमतेम एक मृत्यू सरकारदरबारी नोंदला जातो. बाकीच्या नऊ माणसांचं जाणं घरच्यांना ठाऊक, गावाला ठाऊक, पण कुठल्याही कागदावर नाही. अशा ठिकाणी ‘कोविडने अमुक इतके मृत्यू’ हा आकडा कितपत धरायचा? त्यातून एवढंच कळतं की चाचणी कुणापर्यंत पोचली.

म्हणून अभ्यासकांना आडवाटेने जावं लागलं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते झांबियाची राजधानी लुसाकामधलं काम. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या शवागारात शहरातले बहुतेक मृतदेह नोंदणीसाठी येतात, घरी मरण आलेलेसुद्धा. जून ते सप्टेंबर 2020 या काळात संशोधकांनी तिथे आलेल्या मृतदेहांच्या नाकातून नमुने घेतले. 364 जणांचे निकाल हाती आले आणि त्यांतल्या 70 जणांच्या नमुन्यात विषाणू सापडला. जवळजवळ दर पाचातला एक. या सत्तरपैकी 51 जणांना रुग्णालयाबाहेर मरण आलं होतं आणि त्या एक्कावन्नांपैकी एकाचीही जिवंतपणी चाचणी झालेली नव्हती. ज्यांच्या लक्षणांची माहिती मिळाली, त्यांतल्या बहुतेकांना ताप, खोकला, धाप असं काही ना काही झालं होतं. आजार लपून राहिला नव्हता. तो बघायलाच कुणी गेलं नव्हतं.

येमेनच्या एडनमध्ये तर युद्ध चालू होतं, घरोघर जाणं शक्यच नव्हतं. तिथे लंडनच्या एका विद्यापीठातल्या गटाने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दफनभूमीतल्या नव्या कबरी मोजल्या आणि एप्रिल ते सप्टेंबर 2020 मध्ये नेहमीपेक्षा सुमारे 2,100 मृत्यू जास्त झाल्याचा अंदाज मांडला. कबरी मोजून कारण कळत नाही, हे खरं. पण ‘नेहमीपेक्षा किती जास्त’ हे कळतं आणि पुष्कळदा तोच एक प्रामाणिक आकडा हाताशी असतो. याच हिशेबाने जागतिक आरोग्य संघटनेने 2020 आणि 2021 मिळून जगभरात सुमारे 1 कोटी 49 लाख अतिरिक्त मृत्यू धरले. देशांनी कळवलेले कोविड मृत्यू होते 54 लाखांच्या आसपास. तुमच्या गटातल्या वादाला या दोन आकड्यांमधलं अंतर पुरेसं उत्तर देईल.

प्रश्न : मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. महासाथीचा ‘सामाजिक परिणाम’ हा भाग समाजशास्त्रज्ञांवर सोपवून डॉक्टरांनी आजारावर लक्ष द्यावं, अशी सोयीची विभागणी का करू नये?

उत्तर : सर, कारण ती विभागणी एका फॉर्मवरसुद्धा टिकत नाही. मी बरीच वर्षं ‘व्हर्बल ऑटॉप्सी’चे फॉर्म वाचून मृत्यूचं कारण ठरवण्याचं काम केलं आहे. घरी मरण आलेल्या माणसाची शुश्रूषा जिने केली, तिच्यापाशी प्रशिक्षित कार्यकर्ती बसते आणि विचारत जाते. ताप किती दिवस होता? श्वास जोरात चालला होता का? फिट आली होती का? शेवटी एक मोकळी जागा असते, तिथे घरची व्यक्ती आपल्या शब्दांत सगळं सांगते. मी नेहमी ती जागा आधी वाचते.

महासाथीच्या काळातला एक फॉर्म मला अजून जसाच्या तसा आठवतो. मूल तीन वर्षांचं. ताप, मग अंग तापलेलं असतानाच झटके. लक्षणांवरून मलेरियाचं कारण लावण्यात काही अडचण नव्हती आणि मी तेच लावलं. पण आईने सांगितलं होतं की नेहमीच्या आरोग्य केंद्रात गेलं तर वेगळं ठेवतात, मूल आपल्याजवळ राहू देत नाहीत, असं गावात बोललं जात होतं. म्हणून ती दोन रात्री थांबली. तिसऱ्या दिवशी निघाली तर प्रवासबंदीमुळे गाडी नव्हती. ती मुलाला पाठीशी बांधून चालत निघाली.

या मृत्यूचं वैद्यकीय कारण मलेरिया आणि त्याचं दुसरं कारण महासाथ. यातलं कुठलं तुमचं आणि कुठलं समाजशास्त्रज्ञांचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित प्रश्नावलीत हे प्रश्न मुद्दाम ठेवलेले आहेत : रुग्णालयात पोचायला दोन तासांपेक्षा जास्त लागले का, वाहन मिळालं का, मदतीसाठी कुणी फोन केला का, उपचाराच्या खर्चामुळे घरचे बाकीचे खर्च थांबले का. घाईत असलेले अभ्यासगट नेमकी हीच पानं गाळतात आणि मला त्याचा फार राग येतो. ती गाळली की मलेरियाचा एक मृत्यू उरतो आणि तो महासाथीच्या हिशेबात कधीच येत नाही.

असे मृत्यू तुरळक नव्हते. 2020 मध्ये जगात मलेरियाने आदल्या वर्षापेक्षा सुमारे 69,000 मृत्यू जास्त झाले आणि त्यांतल्या 47,000 च्या आसपास मृत्यूंमागे निदान आणि उपचारांत पडलेला खंड होता. क्षयाचे नवे निदान झालेले रुग्ण 2019 मध्ये 71 लाख होते, ते 2020 मध्ये 58 लाखांवर आले. क्षय कमी झाला नव्हता. खोकणारी माणसं घरी बसून होती.

प्रश्न : मी समाजकार्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेते. गरीब देशांतल्या स्त्रियांवर आणि मुलांवर महासाथीचा काय परिणाम झाला यावर प्रबंध लिहायचा आहे. प्रत्यक्ष जाणं जमणार नाही. फोनवरून केलेल्या सर्वेक्षणांची माहिती वापरली तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण त्या माहितीत कोण नाही हे प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहा, शेवटच्या ‘मर्यादा’ या परिच्छेदात नको.

फोन सर्वेक्षणांनी मोठं काम केलं यात शंका नाही. इथिओपिया, मालावी, नायजेरिया आणि युगांडा या चार देशांत जागतिक बँकेच्या मदतीने महिन्या-महिन्याला फोन करून माहिती गोळा केली गेली. त्यातून अंदाज निघाला की या देशांतले 77 टक्के लोक, म्हणजे सुमारे 25 कोटी 60 लाख माणसं, उत्पन्न घटलेल्या घरांत राहत होती. टाळेबंदी चालू असतानाच हे कळलं ही फार मोठी गोष्ट. पण ज्या घरात फोन नाही, ते घर यात नाही. कमी संख्येने आलेल्या घरांना आकडेमोडीत जास्त वजन देऊन ही उणीव थोडी भरून काढतात, पूर्ण नाही. शिवाय फोन बहुधा कुटुंबप्रमुख उचलतो. ‘घरात जेवण कमी पडलं का?’ या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणतो तेव्हा ते त्याच्या ताटापुरतं खरं असू शकतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर जी जेवते तिला विचारलंच गेलेलं नसतं.

आणि ती फोनवर आली तरी शेजारी कोण आहे ते आपल्याला दिसत नाही. फोन स्पीकरवर आहे का, तेही कळत नाही. घरातल्या मारहाणीबद्दल सरळ विचारलं आणि पलीकडे तो ऐकत असला, तर फोन ठेवल्यावर जे होईल त्याला जबाबदार आपण. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने 2020 मध्येच बजावलं की माहितीपेक्षा तिची सुरक्षितता आधी. जाणत्या मुलाखतकर्त्या आधी विचारतात, ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ आणि प्रश्न असे बांधतात की उत्तर फक्त हो किंवा नाही असं देता यावं. कुणी खोलीत आलं तर विषय पाण्याच्या नळावर न्यायचा, हे आधी ठरवून ठेवतात. तुम्ही ज्या सर्वेक्षणाचे आकडे घ्याल, त्याची प्रशिक्षण पुस्तिका मिळवून वाचा. हिंसाचाराबद्दल काय विचारलं आणि कसं विचारलं, हे त्यात नसेल तर तो आकडा वापरू नका.

मुलांच्या बाबतीत युगांडाकडे जरूर बघा. तिथल्या शाळा मार्च 2020 ला बंद झाल्या आणि पूर्णपणे उघडल्या जानेवारी 2022 मध्ये. जगात सर्वांत जास्त लांबलेली ही बंदी. सुमारे दीड कोटी मुलं. सिएरा लिओनमध्ये तर याआधीचा दाखला आहे. 2014 मध्ये इबोलाच्या साथीत तिथल्या शाळा बंद झाल्या, त्या काळात अनेक मुली गरोदर राहिल्या, आणि एप्रिल 2015 मध्ये शाळा उघडल्या तेव्हा गरोदर दिसणाऱ्या मुलींना सरकारने वर्गात यायला बंदी केली. म्हणजे साथीचा मार बसलाच, वर शिक्षाही त्यांनाच. ती बंदी उठायला मार्च 2020 उजाडला, तेही प्रादेशिक न्यायालयाच्या निकालानंतर. इबोलाच्या मृत्यूंच्या यादीत यातली एकही मुलगी नाही. तुमचा विषय तिथून सुरू होतो.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका आहे. ज्यांच्या घरात नुकतं कुणी गेलं आहे, त्यांना तासभर प्रश्न विचारणं बरोबर आहे का? त्यांना त्यातून काय मिळतं?

उत्तर : ताई, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचं मला फार बरं वाटलं, कारण आम्ही तो पुरेसा विचारत नाही. व्हर्बल ऑटॉप्सीसाठी लगेच जायचं नसतं, शोकाचे दिवस सरू द्यायचे असतात. फार उशीरही नको, नाहीतर तपशील पुसट होतात. सांगणारी रडली तर प्रश्न थांबवायचे, पुन्हा यायचं की नाही हे तिने ठरवायचं. माझा अनुभव असा की बहुतेक जणींना बोलायचं असतं. डॉक्टरांनी त्यांना कधी ‘काय झालं होतं?’ असं विचारलेलंच नसतं.

मिळतं काय, हा प्रश्न जास्त अवघड. आफ्रिकेतल्या कोविडवर नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत सुरुवातीच्या काळात आलेल्या लेखांची तपासणी झाली, तेव्हा दर पाचातल्या एका लेखात एकही आफ्रिकी लेखक नव्हता. नमुने त्यांचे, दुःख त्यांचं आणि नाव दुसऱ्याचं. हे मला अन्यायाचं वाटतं. निधी देणाऱ्यांनी दोन अटी घालाव्यात. स्थानिक संशोधक प्रमुखपदी असावा, हाताखाली नव्हे. आणि निष्कर्ष छापून येण्याआधी त्या गावात, त्या भाषेत वाचून दाखवावेत. मृत्यूचं कारण कळलं असेल तर घरच्यांना हवं असल्यास ते सांगावं. पुष्कळ आयांना वर्षानुवर्षं वाटत राहतं की आपलंच काहीतरी चुकलं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत कारण केंद्रच बंद होतं, हे कुणीतरी त्यांना तोंडावर सांगायला हवं आणि ते सांगण्याचा वेळ अभ्यासाच्या वेळापत्रकात पहिल्यापासून धरलेला असावा.