स्क्रॅपर नवा, तरी रिटर्न बेल्टखाली ओला कोळसा का सांडतो?

स्क्रॅपर म्हणजे कन्व्हेयरच्या बेल्टला चिकटलेला कोळसा खरवडणारं ब्लेड, आणि रिटर्न बेल्ट म्हणजे माल टाकून खालून परत येणारा बेल्ट. ब्लेडचा दाब वाढवू नका. आधी बेल्ट चालू असताना गार्डच्या (संरक्षक जाळीच्या) बाहेरूनच स्क्रॅपरकडे बघा. हेड पुलीपासून (जिथे बेल्ट माल टाकून वळतो त्या टोकाच्या पुलीपासून) सुटलेला बेल्ट तिथे फडफडत असेल किंवा मधे वाकून खोलगट झाला असेल, तर ब्लेड काही ठिकाणीच टेकतं आणि उरलेल्या पट्ट्यातून कोळसा पुढे जातो. दाब वाढवून ब्लेड आणि बेल्ट दोन्ही लवकर झिजतात, सांडणं मात्र थांबत नाही.

बेल्टच्या स्वच्छ बाजूने, म्हणजे वरून, दाबणारा एक सपाट रोलर सेकंडरी स्क्रॅपरजवळ (हेड पुलीच्या पुढे परतीच्या बेल्टवर असलेल्या दुसऱ्या स्क्रॅपरजवळ) बसवा. बेल्टला जेमतेम दाबून सरळ ठेवेल इतकाच. पण तो नेमका ब्लेडच्या डोक्यावर नको! बेल्टच्या जोडाला धातूचे फास्टनर (पकडपट्ट्या) असतील तर ब्लेडला मागे सरकायला जागा लागते. वर रोलर असला की जोड त्यात चेमटतो. थोडा मागे-पुढे ठेवा. रबरी डिस्कचा रोलर इथे चालत नाही, कारण डिस्कांच्या मधल्या जागेत बेल्ट पुन्हा लाटेसारखा होतो.

रोलर पुलीला समांतर हवा, नाहीतर बेल्ट एका बाजूला पळेल.

आणि कृपा करून, रोलर आणि बेल्टच्या चिमट्यात हात जाणार नाही असा गार्ड लावा. काम करताना वीज तोडून स्विचला स्वतःचं कुलूप घाला.