मैदानावर बोर्ड घेऊन आलेल्या पोरांचं काय करायचं?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. तुम्ही जनावरांचे डॉक्टर म्हणून विचारतोय. आमच्या यात्रेत दरवर्षी बैलगाडी शर्यतीचं मैदान असतं, मी कमिटीत आहे. गेल्या वर्षी सेमीफायनलला सात-आठ पोरंपोरी फाटीच्या (गाड्या पळायच्या पट्टीच्या) कडेला 'बैलांचा छळ थांबवा' असे बोर्ड घेऊन उभी राहिली आणि मोबाईलवर शूटिंग करत होती. आमच्यातल्या काहींनी एकाचा मोबाईल ओढून घेतला, ढकलाढकली झाली, पोलिस आले, फायनल पार अंधारात पळवावी लागली. यंदा परत येणार असं कळलंय. निम्मं गाव म्हणतंय वेशीवरच अडवा. आम्ही परवानगी काढून मैदान घेतो, बैलाला पोटच्या पोरासारखं सांभाळतो, मग आम्हीच का ऐकून घ्यायचं?
– कमिटी मेंबर, खानापूर तालुका, जि. सांगली

उत्तर : मोबाईल परत दिलाय का ते आधी सांगा. दिला नसेल तर यात्रेची वाट न बघता चार जाणती माणसं जाऊन देऊन या, कारण ती गोष्ट मिटल्याशिवाय तुमचं पुढचं कोणी ऐकणार नाही.

वेशीवर अडवू नका. मैदान सगळ्यांसाठी उघडं असतं, हजारो लोक शूटिंग करतात, मग त्यांनी केलं तर आपल्याला का झोंबावं? फक्त फाटीच्या कडेला उभं राहू देऊ नका, ते त्यांच्याच जिवाच्या भल्यासाठी. पळता बैल फडफडत्या बोर्डाला बुजला की गाडी सरळ माणसांत घुसते, हे मी बघितलंय. बॅरिकेडच्या मागं सावलीला जागा द्या, पोलिस स्टेशनला आधीच कळवून ठेवा, त्यांच्याशी बोलायला गरम डोक्याची पोरं नकोत, एखादी वयस्कर बाई आणि एक शांत माणूस नेमा, आणि परवानगीची फाईल टेबलावर ठेवा, कुणीही चाळावी. त्यांच्यातलं कोणी फाटीत उतरलं किंवा दावणीचा बैल सोडायला गेलं तर मात्र तो हक्क त्यांना नाही. तिथं पोलिसांना बोलवायचं, आपण अंगाला हात लावायचा नाही.

आता कायद्याचं. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, २०१७ ला आपल्या विधानसभेनं कायदा केला तरी हायकोर्टानं शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली, मग १६ डिसेंबर २०२१ ला तात्पुरती परवानगी आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम केला. गुलाल उधळला आपण, पण ही परवानगी अटींवर आहे हे किती गाडीवानांना माहितीय? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलाचा फिटनेस दाखला, हजार मीटरच्या आत पल्ला, काठी नाही, चाबूक नाही, आर म्हणजे टोचणी नाही, विजेचा शॉक नाही. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आणि मैदानाचं शूटिंग तर तुम्हालाच करावं लागतं. मग दुसऱ्याचा मोबाईल बघून भीती वाटत असेल तर ती कशाची, हे कमिटीनं एकदा दार लावून स्वतःला विचारावं.

हे मी का म्हणतोय ते सांगतो. रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी माण तालुक्यातल्या एका मैदानावर दाखले द्यायला होतो. चार दात आलेला एक चौसा खिलार जातीचा बैल होता, पांढराशुभ्र, सकाळी मीच तपासून सही केली. संध्याकाळी मालक त्याला माझ्याकडं घेऊन आला, बैल शेपटीला कोणाला हात लावू देईना. बोटानं मणका मणका चाचपत खाली आलो तर एका सांध्यावर मऊ सूज, तिथं दाबल्यावर बैलानं मागचा पाय उचलला आणि अंगभर शहारला, आणि कातडीवर माणसाच्या दातांचे वण. शेपूट म्हणजे पाठीच्या कण्याचंच टोक आहे हो, ती पिरगाळली की कळ कुठं जात असेल? मालक ढसाढसा रडत होता, त्यानं काही केलं नव्हतं, ड्रायव्हरनं केलं होतं. शेजारी बोर्डवाली एक पोरगी उभी होती, ती एवढंच म्हणाली, "काका, सकाळी सही तुमचीच होती ना?" मला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही.

म्हणून 'पोटच्या पोरासारखं' हे वाक्य त्यांच्या तोंडावर फेकू नका. ते खरं आहे, मालकाच्या बाबतीत तर शंभर टक्के. खिलार टिकलाय तो आटपाडी, माण, खटावच्या शेतकऱ्यांमुळं आणि खरसुंडी-पुसेगावच्या बाजारांमुळं, ट्रॅक्टर आल्यावर खोंडाला गिऱ्हाईक उरलं ते बरंचसं शर्यतीमुळंच, हे त्यांना जरूर सांगा, त्यांना बऱ्याचदा माहिती नसतं. पण त्यांनी विचारलेलं असतं शॉकचं, आणि आपण उत्तर देतो खिलारचं. शॉकचं उत्तर म्हणजे गाडी जुपायच्या आधी ड्रायव्हरचे खिसे तपासणं, पकडला तर गाडी बाद आणि माईकवरून नाव. तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून धापणारा बैल पुढच्या फेरीला जुपायचा नाही, मग मालक कितीही मोठा असो.

'पेटा' या प्राणीहक्कवाल्या संस्थेच्या तक्रारीवरून नांदणी मठाच्या हत्तिणीला २०२५ ला गुजरातला नेल्यापासून आपल्याकडं 'पेटा' नुसतं म्हटलं तरी लोकांचं डोकं फिरतं, माझंही मन त्या वेळी दुखलं होतं. पण तुमच्या मैदानावर आलेली पोरं बहुतेक इथल्याच कॉलेजातली असतात. कोणी जुना, दुसरीकडचा व्हिडिओ तुमच्या गावच्या नावानं फिरवला तर शिव्या न देता तुमचं शूटिंग तारखेसकट पुढं टाका. 'तुम्ही चिकन खात नाही का' असलं काही विचारत बसू नका, त्यानं बैलाची शेपूट बरी होत नाही.

प्रश्न : माझ्या दोन म्हशी आहेत. पुण्याला शिकणारी मुलगी म्हणते दूध म्हणजे हिंसा, घरात चहाही घेत नाही. याच दुधावर तिची फी भरली, फार लागतं मनाला.
– एक आई, कराड तालुका

उत्तर : ताई, फीचा विषय काढू नका, मुलगी गप्प बसेल पण पटणार नाही. तिनं काय वाचलंय ते विचारा. रेडा झाला की त्याला उपाशी ठेवतात, पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचतात, असं ती सांगेल, आणि ते काही गोठ्यांत घडतं, मी बघितलंय. तुमच्याकडं नसेल तर तसं सांगा, असेल तर आजपासून बंद करा. रेडकू जन्मलं की पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, रेडा असो वा रेडी, आणि नंतरही एक सड त्याच्यासाठी सोडा. पुढच्या वेळी लिंगनिर्धारित रेतन (रेडीच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य) मिळतंय का दवाखान्यात विचारा, त्यात दहातल्या साधारण नऊ रेड्या होतात. चहा नाही घेतला तर कोरा करून द्या. सुट्टीत आली की सकाळच्या धारेला तिला शेजारी बसवा आणि रेडकू सोडायचं काम तिच्याकडं द्या.