पाच महिन्यांचा कोंबडा: विकण्याची घाई नको

आपल्या परसात सहा गावठी कोंबड्या, गिरिराज या सुधारित, जड जातीच्या चार तलंगा (तरण्या कोंबड्या) आणि त्यांच्याच वयाचा, पाच महिन्यांचा एक गिरिराज कोंबडा आहे. तो तलंगांच्या मानेची पिसे धरून त्यांच्यावर झेपावतो, थोरल्या गावठी कोंबड्या मात्र त्यालाच टोचून पळवतात, तेव्हा तो विकावा की ठेवावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याला आणखी तीन-चार महिने ठेवावे, परंतु तलंगांची सोय आजच लावावी.

या वयात अंगात माज आलेला असतो, पण कळपाची रीत आलेली नसते. कळपात कोण कोणाच्या वर याची एक उतरंड असते; नर आणि माद्या यांची ती वेगवेगळी असते आणि पुरता वाढलेला नर सहसा सगळ्या माद्यांच्या वर राहतो. मात्र तोवर थोरल्या कोंबड्या त्याला मोजत नाहीत. कोण कोणाला टोचते याची पद्धतशीर नोंद करून ही उतरंड नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डेरूप-एब्बे यांनी गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात प्रथम मांडली, पण परसात सकाळी दाणे टाकून पाच मिनिटे उभे राहिले तरी ती दिसते.

माझ्याकडे तुरा अर्धा फाटलेली एक जुनी गावठी कोंबडी होती. तरण्या कोंबड्याने मागून झेप घेतली की ती गर्रकन वळून त्याच्या डोक्यावर अशी चोच हाणत असे की तो मान खाली घालून डालग्याआड जाऊन उभा राहायचा. पहिल्यांदा मी मध्ये पडलो, आणि ती माझी चूक होती. दोन महिन्यांत तोच कोंबडा एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती फेर धरू लागला, वाळवी सापडली की चोचीत उचलून, खाली टाकून, कुटकुट आवाजात माद्यांना बोलावू लागला. (सुरुवातीला त्या धावत येईपर्यंत वाळवी त्याच्याच पोटात गेलेली असे.) असा मार आपल्याही कोंबड्याला खाऊ द्यावा.

तलंगांचे तसे नाही, कारण त्यांना उलटून टोचण्याचा धीर नसतो. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, बसायला उंच दांडी द्यावी आणि दिवसातून काही तास कोंबड्याला वेगळे कोंडावे. रक्त दिसले तर मात्र त्या पक्ष्याला ताबडतोब बाजूला घ्यावे, कारण लाल जखम दिसली की सगळा कळप तिथेच टोचत राहतो. जखमेला हळद आणि खोबरेल तेल लावावे, आणि बरी झालेली तलंग फार दिवस दूर न ठेवता रात्री खुराड्यात दांडीवर बसवावी. जास्त दिवस गेले तर तिची जागा पुन्हा तळाशी लागते.

मला खरी काळजी वाटते ती वजनाची. गावठी कोंबडी जेमतेम सव्वा-दीड किलोची असते आणि गिरिराज नर पुढे तिच्या दुपटीहून जड होतो, त्यामुळे तिच्या पाठीची पिसे जाऊन कातडी उघडी पडू लागली, तर त्याचा स्वभाव कितीही निवळला असला तरी त्याच्या जागी गावठी कोंबडा आणणे बरे. दहा माद्यांना एक नर पुरतो, दुसऱ्याची गरज नाही. आपला कोंबडा माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर झडप घालू लागला, तर तीन-चार महिनेही थांबू नये.