गणपतराव देशमुख नेमकी किती वर्षं आमदार होते, आणि तो विक्रम कितपत खरा?

तुमचा प्रश्न असा आहे की सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख ५४ वर्षं आमदार होते, देशात कुणाला जमला नाही असा विक्रम त्यांनी केला, हे खरं का. आणि ते दर वेळी निवडून कसे येत होते, आणि हा विक्रम पुढे कुणी मोडेल का.

आधी आकड्यांचं बघू, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. गणपतराव सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले: १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मध्ये दोनदा हरले, १९७२ ला आणि १९९५ ला. तेव्हा "दर वेळी" हा शब्द तुमच्या प्रश्नातून काढून टाका. आता वर्षं मोजा. १९६२ ते १९७२ दहा, १९७४ ते १९९५ एकवीस, १९९९ ते २०१९ वीस. बेरीज ५१. चोपन्न, पंचावन्न हे आकडे वर्तमानपत्रांतही छापून आलेत, पण सनावळी मांडली की ते बसत नाहीत. ५१ वर्षं काही कमी नाहीत, फुगवायची गरज नव्हती.

"देशातला विक्रम" हेही जपून म्हणायला हवं. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले (त्यातली १९६५ ची विधानसभा भरलीच नाही, तरी बारा उरतात), आणि तिथून कधी हरले नाहीत. ओमन चांडी पुतुपल्लीतून १९७० पासून २०२१ पर्यंत ओळीने बारा वेळा जिंकले. करुणानिधींचे विजयही तेरा, पण ते मतदारसंघ बदलत गेले. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर अकरा हा आकडा सगळ्यात वरचा आहे, त्यात वाद नाही. माझ्या मते मात्र गणपतरावांचं वेगळेपण त्या आकड्यात नाहीच. ते ज्या पक्षात राहून हे केलं, त्यात आहे.

शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) हा काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या बहुजन नेत्यांनी काढलेला पक्ष. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही त्यातली मोठी नावं. १९५० साली दाभाडीला मार्क्सवादी प्रबंध मंजूर झाला, आणि नंतर थोड्याच वर्षांत जेधे, मोरे दोघंही काँग्रेसमध्ये परत गेले. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात, म्हणजे विरोधकांनाही काँग्रेसमध्ये सामावून घेण्याच्या धोरणात, गावोगावचे शेकापवाले एकेक करून तिकडे वळले. साखर कारखाना हवा, बँक हवी, जिल्हा परिषद हवी तर काँग्रेसशिवाय रस्ता नव्हता. गणपतराव पहिल्यांदा आमदार झाले ते १९६२ ला, म्हणजे नेमके याच काळात. त्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा होत्या आणि शेकापला १५. जो पक्ष सोडून जाणाऱ्यांची रांग लागली होती, त्यात हा माणूस शिरला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

बरं, ते सांगोल्याचे मूळ रहिवासीही नव्हते. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, १९२६ सालचा. कायदा शिकून वकिलीसाठी सांगोल्यात आले. ज्या तालुक्यात भावकी नाही, वाडवडिलांची पाटीलकी नाही, तिथे वकिलाकडे पहिल्यांदा येतात ती जमिनीची भांडणं, कुळांचे दावे आणि कर्जाच्या नोटिसा. शेकापचं राजकारणही याच प्रश्नांवर उभं होतं. वकील आणि पुढारी अशी दोन कामं त्यांच्या बाबतीत फार वेगळी नसावीत.

आता दोन पराभव. मला ते अकरा विजयांपेक्षा जास्त सांगून जातात.

१९७२ ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतरची, इंदिरा गांधींच्या लाटेतली. काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या, शेकाप १९ वरून ७ वर आला. तिथे पडणं स्वाभाविक होतं. पण दोनच वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत आले. ती विधानसभा आणीबाणीमुळे १९७८ पर्यंत लांबली. १९७७ मध्ये ते विरोधी पक्षनेते झाले आणि १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री. म्हणजे १९७४ ची ती एक जागा हातून गेली असती, तर पुढचं सगळंच कदाचित वेगळं झालं असतं.

१९९५ चा पराभव निराळा. शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं ते १९२ मतांनी. तालुक्यातल्या सगळ्या मतदान केंद्रांवर ही मतं वाटली तर एका केंद्राच्या वाट्याला जेमतेम एखाद-दुसरं मत येईल. एखाद्या वस्तीवरची चार घरं कुठल्या लग्नाला गेली असली, तरी निकाल फिरावा इतकं ते अंतर! वय ६८. दुसरा कुणी असता तर मुलाला पुढे करून घरी बसला असता. हे १९९९ ला परत उभे राहिले आणि तिथून ओळीने चार वेळा जिंकले. शेवटचा विजय २०१४ चा, वय ८८, समोर शिवसेनेतून लढणारे तेच शहाजीबापू, आणि मताधिक्य सुमारे पंचवीस हजारांचं. ती मोदी लाटेची निवडणूक होती आणि राज्यात शेकापच्या मोजून तीन जागा आल्या होत्या.

हे वाचून कुणी म्हणेल, सांगोल्यात धनगर समाज मोठा, गणपतराव त्याच समाजातले, मग यात नवल काय. हे स्पष्टीकरण सोलापुरात चहाच्या टपरीवर हमखास ऐकायला मिळतं. त्यात तथ्य नाही असं नाही. पण १९७२ ला आणि १९९५ ला समाज तोच होता, उमेदवारही तोच होता. आणि एका समाजाच्या बळावर एखादी निवडणूक निघते, अकरा निघत नाहीत.

खरं कारण शोधायचं तर पाण्याकडे बघावं लागतं. सांगोला म्हणजे कायमचा दुष्काळी तालुका. माण नदी नावाला, पाऊस तुटपुंजा, जमीन मुरमाड. अशा तालुक्यात साखर कारखान्याचं राजकारण फारसं चालत नाही, कारण ऊसच कमी. शेजारच्या ऊसपट्ट्यात पुढारी कारखान्याच्या जोरावर मतदाराला बांधून ठेवतो, ती सोय इथे फारशी नव्हती. शेकापसारखा छोटा पक्ष इथे टिकला त्यात या गोष्टीचाही हात आहे, असं मला वाटतं. गणपतरावांनी सहकारात काढली ती सूतगिरणी. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा सांगोल्याच्या माळरानावर डाळिंब उभं राहिलं. ठिबकची नळी, कमी पाणी, आणि परदेशी जाणारं फळ. दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी लढणाऱ्या नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने आटपाडीच्या पाणी परिषदांतून कृष्णेचं पाणी तेरा दुष्काळी तालुक्यांना द्या ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. टेंभू, म्हैसाळच्या उपसा सिंचन योजना रखडत रखडत का होईना पुढे सरकल्या त्यामागे हा रेटा होता. योजना लवकर पूर्ण झाल्या नाहीत, हेही तितकंच खरं. पन्नास वर्षं आमदार असून तालुक्याला पाणी उशिरा का, हा विरोधकांचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते, हे त्याचं अर्धं उत्तर.

सत्तेत आले तेव्हाही ते टिकलं नाही. १९९९ ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ते मंत्री झाले, रोजगार हमी आणि पणन खातं त्यांच्याकडे होतं. २००२ मध्ये रायगडच्या राजकारणावरून शेकाप आणि राष्ट्रवादीचं फाटलं, पक्षाने पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. भांडण अलिबागकडचं, खुर्ची गेली सांगोल्याची. पण त्यांनी पक्षाचा आदेश मानला.

साधेपणाच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतीलच. ते एसटीने फिरायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. एसटीत पुढच्या बाजूला आमदारांसाठी राखीव म्हणून रंगवलेलं आसन असतं, ज्यावर आपण बिनधास्त बसतो कारण आमदार काही येत नसतो. सांगोल्याच्या गाडीत तो यायचा. मला यात भाबडं कौतुक करायचं नाही. साधेपणा हेही राजकारणच असतं. पण पन्नास वर्षं तालुक्यातल्या लोकांशेजारी बसून प्रवास केलेल्या माणसाला कुठली विहीर आटली हे कळायला कार्यकर्त्याची गरज पडत नाही.

२०१९ ला त्यांनी वयामुळे थांबायचं ठरवलं. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले, पुन्हा शहाजीबापूंकडून. (हेच ते पुढे गुवाहाटीहून "काय झाडी, काय डोंगर" म्हणत राज्यभर पोहोचलेले बापू.) ३० जुलै २०२१ ला गणपतराव गेले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. त्यात आजोबांची पुण्याई किती आणि तालुक्यातले पुढारी दीपक साळुंखे वेगळे लढल्यामुळे झालेली मतविभागणी किती, यावर सांगोल्यात अजून वाद घालता येईल. २०१९ ला साळुंखे बापूंच्या बाजूला होते. २०२४ ला निवडून आलेला शेकापचा हा एकमेव आमदार.

हा विक्रम मोडेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. आकड्याने मोडू शकतो. वडाळ्याचे कालिदास कोळंबकर २०२४ ला नवव्यांदा निवडून आले, पण शिवसेना, काँग्रेस, भाजप असा प्रवास करून. बाळासाहेब थोरात संगमनेरमधून आठ वेळा जिंकले, पहिल्यांदा १९८५ ला अपक्ष म्हणून, आणि २०२४ ला पडले. एका मतदारसंघात, एका छोट्या पक्षात राहून अकरा वेळा निवडून येईल असा आज तरी मला कुणी दिसत नाही.